लोखंड लागता कामा नये

४ फेब्रुवारी

चिरंजीव तोफ,

आशीर्वाद. तुझं जाडजूड पत्र मिळालं. त्यात पुलाबद्दल पानंच्या पानं होती आणि शेवटच्या पानाच्या समासात उभं लिहिलं होतं, 'दाजी कसे आहेत?' तर आधी समासाला उत्तर देते.

हे मागच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आले. न्हाणीघरात घसरून मोडलेला खुबा जुळलाय, पण डॉक्टर म्हणाले, आता चालणं घरातल्या घरात, काठी धरून. बाहेर जायचं तर चाकाची खुर्ची. खुर्ची चांगली मिळाली. ह्यांनी ती आल्या आल्या उलटी करून चाकं सोडवली, तेल घातलं आणि पुन्हा बसवली. म्हणाले, "डावं चाक मागे पडत होतं." जन्माचा घड्याळजी. खुर्चीसुद्धा वेळेवर चालली पाहिजे.

अडचण दाराची आहे. तुला आठवत असेल, आपलं दार थेट जुन्या पुलाच्या चढावर उघडतं, आणि दारातून पुलावर यायला त्या उंच दगडी पायऱ्या आहेत. ह्यांच्या आजोबांनी पायऱ्यांवर जाड फळी टाकून ती लोखंडी खुंट्यांनी दगडात ठोकली होती. तिच्यावरून सायकल, पिंपं, शिवणयंत्र, सगळं चढलं-उतरलं. पूल संरक्षित झाला तेव्हा वारसा खात्याची माणसं आली, पायऱ्या पुलाच्याच आहेत म्हणाली, आणि फळी 'नंतरची भर' म्हणून उपटून घेऊन गेली. तेव्हा आम्ही दोघं धडधाकट होतो. मी म्हटलं, गेली तर गेली, दार मोकळं दिसतंय.

आता फळी हवी. काल सुताराला बोलावलं, तर त्याने पेटी उघडायच्या आत पुलावरचा पहारेकरी धावत आला.

"काकू, खिळा ठोकायचा नाही. दगडाला लोखंड लागलं की माझी नोकरी गेली."

"अरे, मग खुर्ची वर कशी न्यायची?"

"खुर्ची कशाची आहे?"

"कशाची म्हणजे?"

"लोखंडाची आहे ना? मग तीसुद्धा दगडाला लागायची नाही."

"चाकांना रबर आहे, बाबा."

त्याने उकिडवं बसून चाकं नीट पाहिली. मग उठून म्हणाला, "रबराचं वरच्यांना विचारावं लागेल."

पोरगा वाईट नाही. पोटासाठी करतो. पण हे दारापर्यंत येतात, वर पुलाकडे बघतात आणि खुर्ची वळवतात. निवृत्त पोस्टमन रोज दुपारी वर कठड्याच्या कोनाड्यात बुद्धिबळाचा पट मांडतो, आणि ह्यांना खिडकीत बसवून चाली ओरडून सांगतो. परवा तो 'घोडा मारला!' म्हणून ओरडला आणि पुलावरून जाणाऱ्या एका बाईने पिशवी टाकून पळ काढला.

तुझ्या भाषणांना माना डोलावणारी माणसं त्या खात्यात आहेत. एक शब्द टाक. एकच टाक, हे मुद्दाम लिहिते.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. वाकून केला असता, पण परवा व्यासपीठावरून आवेशात उतरताना कंबर धरली. त्या दिवशीचा विषय होता 'दगडांची साक्ष'. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेवटपर्यंत डोळे पुसत होते. मला भरून आलं. सभा संपल्यावर कळलं, त्यांना सर्दी झाली होती.

समासाचा टोमणा पोचला. खरं आहे. दगडांना मी पानाच्या मधोमध जागा देतो आणि माणसांना समासात. बुद्धिमान लोकांमध्ये हा दोष आढळतो, असं मी लिहिणार होतो, पण तू मोठ्याने हसशील.

पण तुझं पत्र वाचून रक्त उसळलं! ज्या पुलाने आठशे वर्षं राजे, व्यापारी, चोर, वैदू, गाढवं, वरात आणि तिरडी असा भेद न करता सगळ्यांना पलीकडे नेलं, त्या पुलावर एका घड्याळजीला चढता येऊ नये? आणि कारण काय, तर दगडाला लोखंड लागेल! कोण हा शहाणा? कुठल्या खोलीत, कुठल्या खुर्चीवर बसून त्याने हा नियम खरडला? त्याने उभ्या जन्मात कुणाला हाताला धरून जिना चढवला नसेल. जतन म्हणजे काय, हे त्याला कधी कळलंच नाही. जतन म्हणजे कुलूप नव्हे!

त्या नियमाचे शब्द मला जसेच्या तसे पाठव. एक स्वल्पविरामही गाळू नकोस. मी त्या माणसाची सालं काढतो.

तोवर दाजींना मागच्या दाराने नेता येणार नाही का?

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

चि. तोफ,

मागचं दार? अरे, घराच्या मागे दार नाही, खिडकी आहे. खिडकीखाली नदी आहे. शिकायला म्हणून तू ह्याच घरात वर्षानुवर्षं राहिलास. पण तू सदा कोनाड्यात उभा राहून नदीला भाषणं देत होतास. घराकडे पाठच होती तुझी, तुला कसं दिसणार!

वाक्य हवं म्हणालास. पाटी आपल्या दारासमोरच लावलीय, रोज झाडताना वाचते. उतरवून देते.

'या पुलाच्या, आणि पुलाला टेकलेल्या, एकाही दगडाला, आजपासून, कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणाने, लोखंड लागता कामा नये. कारण दगड बोलत नाहीत, आणि जे बोलत नाहीत, त्यांच्या वतीने आपण नाही बोलायचं, तर कोणी?'

वाक्य लांब आहे. शेवटी शेवटी रंगाऱ्याला जागा पुरली नाही, 'तर कोणी' अगदी मुंगीएवढं आहे. सालं काढण्याआधी दोनदा वाच, एवढंच सांगते.

मी हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ते एका जुन्या घड्याळात डोकं घालून बसले होते. भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "पाठव, पाठव. बघू काय करतो."

ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताई,

काढली सालं! वृत्तपत्रात कालच छापून आलं, कात्रण जोडलंय. एक प्रत वारसा खात्याच्या अधिकारीणबाईंना रवाना केली. तुला दिसायला त्रास नको म्हणून मुख्य भाग इथेच उतरवतो.

'हे वाक्य नव्हे, ही फुगलेली छाती आहे. लेखकाला स्वल्पविरामांचा छंद असून प्रत्येक स्वल्पविरामाशी तो टाळीची वाट पाहत थांबतो. "कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणाने"! एकदा म्हणून भागलं असतं, पण एकदा म्हणून ज्याचं भागतं तो असली वाक्यं लिहीत नाही. आणि शेवटी प्रश्न! सरकारी हुकुमात प्रश्न विचारणारा हा पहिलाच इसम असावा. दगड बोलत नाहीत म्हणून हे गृहस्थ बोलले. फार उपकार झाले. पण त्या दगडांवरून चालणारी माणसं बोलत होती, ती यांनी ऐकली का? ज्याने हे लिहिलं त्याला स्वतःच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही, असं मी जबाबदारीने म्हणतो. खात्याने त्याचं नाव जाहीर करावं, हे माझं जाहीर आव्हान आहे.'

कसं आहे? दाजींना वाचून दाखव. त्यांना म्हणावं, फळी आठवड्याभरात.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

आदरणीय सर,

आपलं पत्र आणि कात्रण मिळालं. वाक्याच्या लेखकाचं नाव जाहीर करण्याचं आपण आव्हान दिलं आहे. नाव आपलं आहे.

पूल पाडून रुंद करण्याच्या वेळी आपण जो अर्ज केला होता, त्याचा हा शेवट आहे. खात्याने हुकुमासाठी वेगळा, साधा मसुदा तयार केला होता. पण समितीच्या बैठकीत आपण उभं राहून हे वाक्य म्हटलंत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्षांनी तेच जसंच्या तसं हुकुमात घालायला सांगितलं. पाटीचं अनावरणही आपल्याच हस्ते झालं. त्या प्रसंगी आपण पाटीकडे पाठ करून बराच वेळ बोललात, म्हणून ती वाचायची राहून गेली असावी.

एक खाजगी गोष्ट लिहिते. त्या बैठकीत मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा मी रस्ते खात्यात डांबराचे थर मोजत असे. आपलं ते वाक्य ऐकून मी वारसा खात्यात बदली मागून घेतली. त्यामुळे दुसऱ्या कोणाला मोडता आलं तरी मला ते मोडता येणार नाही. फळी ठोकायला परवानगी नाकारत आहे. वाईट वाटतं. हुकूम बदलायचा तर समितीसमोर जावं लागेल, आणि समितीची बैठक आता उन्हाळ्यानंतरच आहे.

आपलं कात्रण कार्यालयात सगळ्यांनी वाचलं. स्वल्पविरामांबद्दल आपण लिहिलं आहे ते पटलं.

आपली,
वारसा अधिकारी


२ मार्च

ती. ताई,

अधिकारीणबाईंचं उत्तर सोबत जोडलंय. दाजींना वाचून दाखव. त्यांनी इतके दिवस वाट पाहिली, त्यांचा हक्क आहे.

तुम्हाला ठाऊक होतं! तू केर काढता काढता माझं वाक्य रोज वाचत होतीस आणि मला लिहितेस, 'दोनदा वाच.' मी एकदाही वाचलं नाही गं. मी फक्त चिडलो. आजवर मी इतकी वाक्यं जगात सोडली आहेत की त्यातलं एखादं रस्त्यात समोर आलं तरी ओळख पटत नाही. हे आलं, आणि मी त्याला चारचौघांत जोड्याने मारलं. वर त्यालाच त्याच्या बापाचं नाव विचारलं.

संपादकांना सगळा प्रकार कळलाय. त्यांना वाटतं ही माझी थोर आत्मटीका आहे. अभिनंदनाची चिठ्ठी आली, सदर लिहाल का विचारतात. मी त्यांना खरं सांगितलं नाही. तेवढीच अब्रू उरलीय.

पण ताई, वाक्य वाईट नव्हतं. आजही मी त्याच्या बाजूने उभा राहीन. आठव ते दिवस. पुलावरून ट्रक धडधडत होते, आणि रस्ता रुंद करायला कंत्राटदाराची माणसं पहारी घेऊन कठड्याशी उभी होती. ज्यांनी तो कठडा घडवला त्यांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत. त्यांची तेवढी एकच खूण उरलीय, आणि ती एका दुपारीत फोडून नदीत ढकलणार होते. माझं लोखंड म्हणजे त्या पहारी. मला त्या दिसत होत्या. तुझ्या फळीच्या खुंट्या दिसत नव्हत्या, चाकाची खुर्ची दिसत नव्हती. मी पूल बघितला, आणि पुलावरून कोण जातं ते बघायचं राहिलं.

हुकूम बदलून आणतो. उन्हाळ्यापर्यंत दाजींना धीर धरायला सांग.

तुझा, स्वल्पविरामांचा छंद असलेला, भाऊ


८ मार्च

चि. तोफ,

दोन्ही पत्रं ह्यांना वाचून दाखवली. हे हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि इतके, की खुबा धरून 'थांब, थांब' म्हणाले. मग म्हणाले, "ठेवून दे ती पत्रं, पुन्हा लागतील." त्यामुळे तुला रागवायचं ठरवलं होतं ते राहिलं.

पण तोफ, उन्हाळ्यापर्यंतचं जमणार नाही. तुला कळवलं नव्हतं, आता कळवते. लेकीने पलीकडे नव्या वस्तीत घर घेतलंय. लिफ्ट आहे, एक खोली आमच्यासाठी ठेवलीय. महिनाअखेरीला आम्ही तिकडे जातोय. मी तिला हो म्हणून बसले. ह्यांना दिवसभर भिंतीकडे बघत बसलेलं मला बघवत नाही.

ह्यांना विचारलं, "चालेल ना?" तर म्हणाले, "जायचं कसं?" म्हटलं, चार माणसं येतील आणि खुर्चीसकट उचलून नेतील. तेव्हा म्हणाले, "येताना उचलून आणलं, जाताना उचलून नेणार. सामानच झालो म्हणायचं."

आता खिडकीतही बसत नाहीत. पोस्टमन वरून ओरडतो, "वजीर हलवू का?" आणि हे आतून उत्तर देत नाहीत. काल त्याने दोन्ही बाजूंनी एकट्यानेच खेळून पाहिलं. मग सोंगट्या पिशवीत भरल्या आणि गेला.

तुझ्या वाक्याचं म्हणशील, तर ट्रक थांबले म्हणून माझ्या कपाटातल्या बश्या वाजायच्या थांबल्या, हे मी विसरले नाही. हे तर म्हणायचे, "तुझ्या भावामुळे टेबल हलेनासं झालं. हाताला काम येतं आता." तुझ्यासमोर कधी बोलले नाहीत, कारण तू तिथेच आभाराचं भाषण सुरू केलं असतंस.

तर पूल नीट राहील, काळजी करू नकोस. त्याला लागून कुणी राहणार नाही, एवढंच.

ताई


१३ मार्च

ती. ताई,

सामान बांधू नका. बांधलं असेल तर सोडा. जमलं तर हे पत्र उभ्यानेच वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया म्हणून मी खोलीभर फेऱ्या मारून एक भाषण केलं. ऐकायला कपाट होतं. त्यानंतर पहिल्यांदाच मी माझं ते वाक्य कागदावर घेऊन, आवाज बंद ठेवून वाचलं. वाचलं आणि तडक गाडी पकडून वारसा खात्यात जाऊन धडकलो.

अधिकारीणबाई तरुण आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि तो शोधत बसतात. मी म्हटलं, "बाई, पुलाला लोखंड लागता कामा नये, हे ठीक. पण आजच्या घडीला पुलात लोखंड कुठेच नाही का?"

त्यांनी पुलाचा नकाशा काढला. मग म्हणाल्या, "आहे, सर. कठड्याचे दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडलेत. वर शिसं ओतलंय. बांधणाऱ्यांनीच घातलेत."

"म्हणजे माझ्या वाक्याप्रमाणे हा पूल बांधला त्याच दिवशी बेकायदेशीर ठरला?"

"हो, सर."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"पाहणी केली तेव्हापासून. पण तुमच्या वाक्याला कसं सांगायचं!"

आधी त्या हसल्या. शेजारच्या टेबलावरचे कारकून मागे वळून बघायला लागले.

मग मी मुद्दा टाकला. "वाक्यात लोखंड आहे. लाकडाचं काही आहे?"

त्यांनी चष्मा शोधला, वाक्य ओळीवर बोट ठेवून वाचलं. म्हणाल्या, "नाही, सर. लाकूड तुम्ही विसरलात."

आयुष्यभर मी माझ्या स्मरणशक्तीची फुशारकी मारली. पण कामी आलं ते हे विसरणं.

ताई, तुला माहीत आहे का, कमानी बांधताना त्यांच्याखाली आधी लाकडाचा सांगाडा उभा करतात. माथ्याचा दगड बसेपर्यंत सगळा भार तो लाकडी सांगाडा पेलतो. कमान जुळली की सांगाडा उतरवतात. म्हणजे जो पूल लाकडाच्या खांद्यावर उभा राहिला, त्याला लाकडाचा विटाळ कसा होणार? हे मी बाईंना जरा सविस्तर सांगितलं. त्या मधेच म्हणाल्या, "सर, मी आधीच हो म्हटलंय."

अटी अशा: सुताराने उतरती फळी करायची, पण सगळी सांध्यांत सांधा घालून, लाकडी पाचरी मारून, एकही खिळा नाही. दगडाला लागेल तिथे काथ्याची चटई. फळी स्वतःच्या वजनावर बसली पाहिजे. वापरायच्या वेळी लावायची, वापर झाला की उचलून घरात ठेवायची. आणि खुर्चीच्या रबराला खात्याची हरकत नाही, असं त्यांनी पहारेकऱ्यासाठी वेगळं लिहून दिलंय, शिक्क्यासकट.

सुताराला आजच सांग. फळी झाली की मी येतो. पहिल्या खेपेला खुर्ची मी ढकलणार. दाजींना हे आवडणार नाही, पण मीच ढकलणार.

तुझा भाऊ


६ एप्रिल

ती. ताई,

सुखरूप पोचलो. कंबर अजून तुमच्याच गावात आहे.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा तू दारात उभी राहून विचारलंस, "इतका वेळ वर काय बोलत होतात?" मी म्हटलं, काही नाही. तुझा विश्वास बसला नाही, कारण मी आणि 'काही नाही' हे तू कधी एकत्र पाहिलेलं नाहीस. म्हणून लिहून कळवतो.

फळीवरून खुर्ची लोण्यासारखी चढली, ते तू पाहिलंसच. पहारेकऱ्याने खाली वाकून काथ्याची चटई नीट केली, तेही पाहिलंस. पुढचं तुला दिसलं नाही. हा पूल मधोमध उंट बसल्यासारखा फुगलेला आहे, हे मी असंख्य भाषणांत सांगितलंय. 'स्थापत्याचा डौलदार उंचवटा' हे माझे शब्द. त्या डौलदार उंचवट्यावर अर्ध्या वाटेत माझा श्वास संपला. दाजींना सांगायचं होतं की जरा थांबतो, पण सांगायलाही श्वास लागतो.

दाजी मागे न बघता म्हणाले, "कोनाड्यात घे. लोकांना जाऊ दे."

मी खुर्ची कोनाड्यात घेतली आणि कट्ट्यावर बसलो. ताई, हा तोच कोनाडा. इथे उभं राहून मी नदीला भाषणं दिली. पुढे हाच कोनाडा माझ्या भाषणांत 'पहारेकऱ्यांचा बुरूज' झाला. कुठून सैन्य येतं ते बघायला म्हणे! किती टाळ्या घेतल्या मी त्या बुरुजावर. त्या दिवशी धापा टाकत बसलो तेव्हा समोरून हातगाडी आली, मागून पोतं घेतलेला माणूस आला, दोघंही आमच्यासमोरून निघून गेले, आणि मला कळलं की पूल अरुंद आहे. दुसऱ्याला जाऊ द्यायचं तर आपल्याला बाजूला व्हायला जागा लागते. दमलेल्याला टेकायला जागा लागते. ती त्यांनी आधीच करून ठेवली होती, दगडात. बुरूज मी बांधला, तोंडाने.

लोक थांबत होते. "अरे, घड्याळवाले! दिसलात बुवा!" कुणी हात हातात घेत होतं, कुणी बंद पडलेलं घड्याळ मनगटावरून उतरवून तिथेच दाखवत होतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एका भाजीवाल्या बाईने मला खालीवर पाहिलं आणि दाजींना विचारलं, "हा नवा माणूस ठेवलात का? दमेकरी दिसतो."

दाजी म्हणाले, "फुकटचा आहे. बोलतो फार. आज बंद पडलाय."

माझ्याकडे उत्तर होतं. श्वास नव्हता.

मग पोस्टमन आला. काही न विचारता पट मांडला. दाजींनी वजीर हलवला आणि कठड्यावर हात ठेवला. ऊन होतं, दगड तापला होता. हात त्यांनी खेळ संपेपर्यंत तिथून काढला नाही. मी बघत होतो. हा पूल का जपायचा, यावर मी जे जे वाचलं होतं ते सगळं मला येत होतं, आणि त्यातलं काहीही बोलावंसं वाटलं नाही.

उतरताना दाजींनी विचारलं, "उद्या पण आणशील?"

तुला मी सांगितलं की व्याख्यान पुढे ढकललं गेलं. ढकललं मीच. विषय होता, 'आपले पूल, आपला वारसा'. आयोजक म्हणाले, एवढं काय महत्त्वाचं काम निघालं? मी म्हटलं, पुलावर जायचंय.

आता एक काम आहे. बैठकीसाठी नवं वाक्य अधिकारीणबाईंनी माझ्याकडेच मागितलंय. त्यांची हिंमत बघ. मसुदा सोबत पाठवतोय, थोडा लांबलाय. दाजींना दाखव. त्यांना वाटेल ते काढू देत.

तुझा भाऊ


१९ ऑगस्ट

चि. तोफ,

आशीर्वाद. समितीची बैठक झाली हे तुला बाईंकडून कळलंच असेल. काल पाटी बदलली. जुनी पाटी बाईंनी स्वतः उतरवून नेली. म्हणाल्या, माझ्या टेबलामागे लावणार आहे.

तुझा मसुदा ह्यांनी बरेच दिवस टेबलावर ठेवला होता. भिंग लावून एकेक शब्द बघायचे, चिमट्याने उचलावा तसा उचलायचे आणि बाजूला ठेवायचे. मी म्हटलं, "अहो, सगळंच काढाल." म्हणाले, "घड्याळात जास्तीचं चाक असलं की बंद पडतं." जे उरलं ते बाईंकडे पाठवलं. त्यांनी समितीला वाचून दाखवलं. म्हणे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते हात वर केले. आता पाटीवर असं आहे:

'हा पूल जपा. यावरून जा-ये करा.'

रंगाऱ्याला एवढी जागा उरली की त्याने भोवती वेलबुट्टी काढली.

लेकीकडे आम्ही अधूनमधून जातो, पुलावरून, खुर्चीने. तिथे ह्यांनी लिफ्टमधलं घड्याळ दुरुस्त केलं. रात्रीला परत येतो. फळी आता पहारेकरीच लावतो आणि उचलतो, मला हात लावू देत नाही. म्हणतो, "काकू, पुलाचं सामान आहे, माझ्या ताब्यात असू दे." आधीची फळी 'नंतरची भर' म्हणून गेली, ही 'पुलाचं सामान' झाली.

सकाळी तो पाटीसमोर उभा राहून वाचत होता. मला विचारलं, "काकू, हे कुणी लिहिलं?" म्हटलं, "ह्यांनी." तो म्हणाला, "तरीच. तुमच्या भावाचं असतं तर पुलालाच वळसा घालून गेलं असतं."

पुढच्या महिन्यात येतोस ना? भाजीवाली विचारत होती, तो दमेकरी माणूस सोडून गेला का. ह्यांनी तिला सांगितलं, "नाही, रजेवर आहे." खुर्चीचा मागचा दांडा ह्यांनी तुझ्या उंचीला वाढवून ठेवलाय. लाकडाचा.

इथेच थांबते. वरून दोघांच्या हाका सुरू झाल्यात. आज पोस्टमनच्या जागी मी खेळणार आहे, आणि ह्यांचा घोडा मारल्याशिवाय खाली उतरणार नाही.

तुझी ताई